मागचा आवाज

गाणं शिकवणाऱ्या बाईंनी मला पहिल्यांदा तंबोरा घेऊन मागे बसवलं तेव्हा मी तेरा वर्षांची होते. मिरजेतल्या एका गणेशोत्सव मंडळाचा कार्यक्रम, साल १९८५. देवळाच्या सभामंडपात सतरंज्या अंथरलेल्या, समोर शंभरेक माणसं. निघण्याआधी बाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावून तीन गोष्टी सांगितल्या. तू गायचं नाहीस. लोकांकडे बघायचं नाहीस. आणि मी थांबले तरी तू थांबायचं नाहीस.

पहिल्या दोन गोष्टी लगेच कळल्या. तिसरी डोक्यात शिरली नाही, पण बाईंना उलट विचारायची पद्धत नव्हती. मी तंबोरा उभा धरून त्यांच्या डाव्या खांद्यामागे बसले. मधल्या बोटाने पंचम, मग पहिल्या बोटाने जोडीच्या दोन तारा, शेवटी खर्ज, म्हणजे सगळ्यांत खालचा षड्ज. पुन्हा पंचम. पंधरा मिनिटांत पायाला मुंग्या आल्या, अर्ध्या तासात बोट हुळहुळायला लागलं. बाई पुरिया धनाश्री गात होत्या. मध्येच त्या थांबल्या, बाजूचं फुलपात्र उचललं आणि दोन घोट पाणी प्यायल्या. तबलजींनीही तेवढ्यात हात रुमालाला पुसले. त्या चार-पाच सेकंदांत अख्ख्या मंडपात फक्त माझा तंबोरा वाजत होता. कुणी चुळबुळ केली नाही, कुणी बोललं नाही. बाईंनी फुलपात्र खाली ठेवलं आणि निषाद जिथे सोडला होता तिथूनच अलगद उचलला.

गाणं ऐकायची माझी सवय त्या रात्री लागली ती आजपर्यंत सुटलेली नाही. ख्याल असो, पोवाडा असो, सिनेमातलं गाणं असो की इंग्रजी, माझे कान आधी मागे जातात. पुढे कोण गातंय ते साऱ्या जगाला दिसतं. मला मागे कोण आहे ते ऐकायचं असतं. माझी आवडती गाणी कुणी विचारली तर मी नावं सांगते, पण त्या प्रत्येक नावामागे आणखी एक नाव असतं, आणि पुष्कळदा माझा जीव त्या दुसऱ्या नावातच अडकलेला असतो.

मिरजेत वाढलेल्या मुलीला तंबोरा काही नवा नसतो. आमच्या शाळेची वाट सतारमेकर गल्लीवरून जायची. दुकानांच्या छताला वाळलेले भोपळे टांगलेले असत, पंढरपूरच्या बाजूने आलेले. लाकडाचा भुस्सा आणि चपड्याचा वास. इथली ही घराणी मूळची शिकलगारांची, हत्यारांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात तलवारींना गिऱ्हाईक उरलं नाही तेव्हा फरीदसाहेबांसारखे कारागीर वाद्यांकडे वळले. त्यांच्या पुढच्या पिढ्या अजून तेच काम करतात, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीला सूर खुलावा म्हणून घासून दिलेला उतार, ते स्वतःच्या हाताने काढायचे. त्यांची कबर इथे मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे आणि दरवर्षी उरुसात गवई तिथे येऊन गातात.

जवारी काढताना मी पहिल्यांदा पाहिली ती त्याच गल्लीत, बाईंचा तंबोरा दुरुस्तीला नेला होता तेव्हा. वाद्यं दुरुस्त करणाऱ्या चाचांनी घोडी कानसेने अगदी हलक्या हाताने घासली, फुंकर मारली, तार चढवली, छेडली, पुन्हा उतरवली. असं वीस-पंचवीस वेळा. घोडीचा माथा वरून सपाट दिसतो, पण त्याला किंचित उतार असतो आणि तार त्या उतारावर घासत थरथरते. सगळं मनासारखं झाल्यावर त्यांनी पांढऱ्या सुताचा एक धागा घेतला, तारेखाली सरकवला आणि केसभर पुढे, केसभर मागे करत राहिले. आवाज आधी बंद पेटीतून आल्यासारखा होता. धागा एका ठिकाणी पोचला आणि तार उघडली. दुसरा शब्द माझ्याकडे नाही. एका तारेतून अनेक सूर बाहेर पडायला लागले, मधमाश्यांचं पोळं जागं व्हावं तसे.

बाईंनी मला खर्जाच्या तारेकडे कान लावायला सांगितलं. "गांधार ऐकू येतो का?"

मी नाही म्हटलं. तंबोऱ्यात गांधाराची तारच नसते. पंचम आणि षड्ज, बस. पण बाई म्हणाल्या, ऐकत राहा. दोन महिने मी रोज ऐकत राहिले आणि एका सकाळी तो आला. खर्ज छेडल्यावर क्षणभराने, वरून, बारीक, स्वच्छ. त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. तार नीट लागली, जवारी खुली असली की खर्जाच्या पोटातून तो आपोआप उमटतो. तो कुणीच वाजवत नाही. तरी तो तिथे असतो, आणि गाणाऱ्याला आपला गांधार कुठे ठेवायचा ते त्याच्याकडूनच कळतं.

बाबांची साथ वेगळी. ते रेल्वेत होते आणि दर गुरुवारी आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. बुवांची पट्टी काळी दोन. बाबांची नजर पट्ट्यांवर कधीच नसायची, ती बुवांच्या गळ्यावर असायची. बुवांच्या गळ्याची घाटी हलली की बाबांचं बोट त्या सुरावर असायचं. डाव्या हाताचा भाता मला जास्त आवडायचा. बुवा सूर लांबवायला लागले की भाता मंद व्हायचा आणि त्यांनी श्वास घेतला की तेवढ्या फटीत तो भरून यायचा. जणू दोघांत मिळून एकच छाती होती. बाबा पुढे कधी गायले नाहीत. टाळकऱ्यांबरोबर ध्रुवपद मात्र म्हणायचे आणि दरवेळी अर्धी मात्रा आधी यायचे. "रेल्वेतला माणूस आणि गाडी वेळेच्या आधी," असं म्हणून बुवा हसायचे. बाबाही हसायचे. पुढच्या गुरुवारी पुन्हा अर्धी मात्रा आधी.

आकाशवाणीने १९४० साली पेटीला बंदी घातली आणि ती तीसेक वर्षं टिकली, हे मला कॉलेजात कळलं. पेटीचे सूर ठोकून बसवलेले, तिच्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, आपल्या श्रुती तिला पेलत नाहीत, असा आक्षेप होता. आक्षेप खोटा नाही. पण मी बाबांच्या शेजारी बसून ऐकलेलं आहे. पेटीवाल्याला मींड काढायची नसते. ती गळा काढतो. पेटीवाल्याने त्या मींडेला दोन्ही टोकांनी जमीन द्यायची असते. आमच्या शेजारच्या कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे भास्करबुवा बखल्यांना पेटीची साथ करायचे. त्याच गोविंदरावांनी १९११ साली 'मानापमान'च्या पदांना चाली दिल्या. मला नेहमी वाटतं की त्या चाली पेटीमागे बसून वर्षानुवर्षं दुसऱ्याचा गळा निरखलेल्या माणसाच्या आहेत. गाणाऱ्याला दम घ्यायला कुठे जागा लागते हे त्याला पाठ होतं.

पुढे अप्पा जळगावकर, पुरुषोत्तम वालावलकर, तुळशीदास बोरकर या मंडळींना मी ऐकलं ते मुद्दाम पेटीसाठी. भीमसेनजींचा अभंग लागला की लोक 'तीर्थ विठ्ठल'च्या पहिल्या हाकेला माना डोलावतात. मी टाळांची वाट बघते. माउली टाकळकरांचे टाळ. भीमसेनजींचा आवाज मंडप फोडून वर जात असतो आणि खाली तो टाळ इतका शांत चालतो की वारीच्या वाटेवरची पावलं वाटावीत. ती चाल बांधणारे राम फाटक. त्यांचं नाव किती जण घेतात?

कुमार गंधर्वांकडे मी जरा उशिरा आले. आमच्या घरात किराण्याचं वातावरण, तिथे लांब, संथ, पाझरत जाणारा सूर म्हणजे गाणं. कुमारांचा सूर भाल्यासारखा येतो आणि रुतल्यावर मग गप्प होतो. सोळाव्या वर्षी मला तो झेपला नाही. मग एका मैत्रिणीच्या वडिलांकडे 'निर्भय निर्गुण'ची कॅसेट ऐकली आणि मी त्यांच्या ओसरीवर उभीच राहिले.

कुमारांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. सुळेभावीचा हा मुलगा कोवळ्या वयात देशभर गाजलेला, मग क्षय, देवासला मुक्काम, पाचेक वर्षं गाणं बंद, एक फुप्फुस जवळपास निकामी. परत गायला लागले तेव्हा श्वास छोटा झालेला होता आणि त्या छोट्या श्वासातूनच त्यांनी स्वतःचं गाणं नव्याने उभं केलं. हे सगळं खरं. पण 'निर्भय निर्गुण'मध्ये दोन गळे आहेत. दुसरा वसुंधराताईंचा.

त्या जमशेदपूरला जन्मलेल्या, कोलकात्यात वाढलेल्या. मुंबईला येऊन गायनगुरू बी. आर. देवधरांकडे आणि कुमारांकडे शिकल्या. १९६२ साली त्यांचं कुमारांशी लग्न झालं आणि नंतरची तीस वर्षं, १९९२च्या जानेवारीत कुमार जाईपर्यंत, त्या साथीला राहिल्या. त्या भजनात दोघं एकच ओळ एकाच वेळी म्हणतात, पण दोन्ही आवाजांच्या कडा जुळत नाहीत. कुमारांचा आवाज शब्दाला धरून वर फेकतो. ताईंचा आवाज तो शब्द खाली पडू देत नाही. मी हेडफोन लावून फक्त त्यांचाच धागा ऐकायचा प्रयत्न पुष्कळदा केला आहे. कुमार थांबतात तिथे त्या एक कणभर जास्त राहतात. सूर पुसला जाण्याआधी त्याच्याजवळ थांबून राहावं तसं. मग दोघं एकदम पुढची ओळ घेतात आणि अंगावर काटा येतो. आजही येतो.

'कुमारांच्या पत्नी' एवढीच वसुंधराताईंची ओळख कुणी करून दिली की मला वाईट वाटतं. त्यांचा स्वतःचा ख्याल ऐकावा. भारदस्त, पेलून धरलेला, कुठेही घाई नसलेला. २००६ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१५ साली त्या देवासलाच गेल्या. छोट्या श्वासाच्या गाण्याला कुणीतरी लांब श्वासाचं माणूस लागतं, असं मला ते भजन ऐकताना दरवेळी वाटतं. माझं हे म्हणणं शास्त्राला धरून आहे की नाही ते जाणकारांनी ठरवावं. मी तंबोऱ्यामागून ऐकलेलं सांगते.

आईचं गाणं म्हणजे रेडिओ, आणि रेडिओ म्हणजे सुधीर फडके, आमचे बाबूजी. १९५५च्या एप्रिलमध्ये पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झालं तेव्हा आई शाळकरी मुलगी होती. दर आठवड्याला एक नवं गाणं, माडगूळकरांनी लिहायचं, बाबूजींनी चाल लावायची, अशी वर्षाहून थोड्या जास्त काळात छप्पन्न. आईला ती क्रमाने येत होती. मला त्या गाण्यांत बाबूजींच्या शब्दांइतकंच त्यांच्या मागचं व्हायोलिन आठवतं. प्रभाकर जोगांचं. शब्द जिथे संपतो तिथे ते व्हायोलिन त्याच उच्चाराने पुढे बोलतं. पुढे त्यांच्या वादनाला लोक 'गाणारं व्हायोलिन' म्हणायला लागले ते उगाच नाही. बाबूजींची साथ करता करता हा माणूस बाबूजींचा 'च' कसा आणि 'ळ' कसा हेसुद्धा शिकला असणार, असं मला वाटतं.

आणि मग 'स्वर आले दुरुनी'. शब्द यशवंत देवांचे, चाल प्रभाकर जोगांची, गायलेत बाबूजी. ज्याच्या मागे उमेदीची वर्षं वाजवलं, त्याच्याच गळ्यात आपली चाल ठेवायची आणि त्यानेही ती आपलीशी करून गायची. आमच्याकडे हे गाणं लागलं की आई गॅस बारीक करायची. तिला कारण कधी विचारलं नाही. आता मीही गॅस बारीक करते.

पोवाड्याचं वेड मला मामांमुळे. मामा संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मुंबईत गिरणगावात राहिलेले. अमरशेखांचा आवाज भोंग्याशिवाय मैदानाच्या टोकाला पोचायचा असं ते सांगायचे आणि सांगता सांगता अण्णाभाऊंची 'माझी मैना' म्हणायला लागायचे. पण मामांना शाहीर व्हायला कधीच आवडलं नसतं. ते झीलकरी. शाहिराने चौक संपवला की मागच्यांनी झील ओढायची, जी जी रं जी. मामा म्हणायचे, "लोकांना वाटतं आम्ही नुसतं जी जी करतो. आम्ही जी म्हणतो तेवढ्यात शाहीर श्वास घेतो आणि पुढचा चौक आठवतो. आम्ही एक जी कमी केला की तो उताणा." तुणतुण्याची एकच तार, एकच सूर. त्याच्यावर सगळा पोवाडा उभा. मला तिथे थेट माझा तंबोरा दिसायचा.

पुण्याला हॉस्टेलवर आले तेव्हा खोलीतल्या मुलीकडे नुसरत फतेह अली खाँच्या तीन कॅसेट होत्या, रेकॉर्डवरून रेकॉर्ड करून घासलेल्या. पहिल्यांदा ऐकताना मी तिला म्हटलं, अगं, हे तर आमचं कीर्तन आहे. ती लातूरकडची, वारकऱ्यांच्या घरातली. तिने लगेच मान डोलावली. बुवांनी अभंगाचं चरण उचलायचं, मागच्या टाळकऱ्यांनी ध्रुवपद धरायचं, बुवांनी त्यात पुन्हा उडी मारायची. कव्वालीत टाळांच्या जागी टाळ्या. नुसरतसाहेबांच्या शेजारी पेटीवर त्यांचे धाकटे भाऊ फर्रुख फतेह अली खाँ. नुसरतसाहेब एखाद्या सरगमेत शिरून दिसेनासे होतात, श्रोत्याचा धीर सुटायला लागतो, आणि अचानक फर्रुखसाहेबांचा आवाज अस्ताई धरतो. परतीची वाट तिथून दिसते. हा माणूस आयुष्यभर भावाला वाट दाखवत बसला. नुसरतसाहेब १९९७ साली गेले, फर्रुखसाहेब २००३ मध्ये. त्या जुन्या ध्वनिमुद्रणांत एक कोवळा, उंच, मुलाचा आवाजही मध्येच चमकतो. तो फर्रुखसाहेबांचा मुलगा, राहत.

सिनेमातल्या गाण्यांत मागची माणसं शोधणं अवघड. कॅसेटच्या कागदावर गायक, गीतकार, संगीतकार एवढीच नावं असायची. वाजवणारे चाळीस-पन्नास जण कुठेच नाहीत. १९७७च्या 'अमर अकबर अँथनी'तलं अँथनी गोन्साल्विसचं गाणं आमच्या गल्लीत प्रत्येक वरातीत वाजलं, त्यावर आम्ही नाचलो, आणि अँथनी गोन्साल्विस नावाचा खरा माणूस आहे हे मला तिशीत कळलं. गोव्यातल्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक. चर्चच्या संगीतात वाढलेले, मुंबईला येऊन सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे, इतरांच्या चालींना वाद्यमेळ रचून देणारे. त्या सिनेमाला संगीत देणाऱ्या लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आर. डी. बर्मनही शिकले. शिष्याने गुरूचं नाव गाण्याच्या तोंडी घातलं ते असं. त्या काळच्या हिंदी गाण्यांत स्वरलिपी वाचणारे पुष्कळ वादक गोव्याचे होते. सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशनच्या चालींना दिलेली व्हायोलिनची भिंत काढून घेतली तर त्या गाण्यांचं काय उरेल, ते मनात करून बघावं. १९६९च्या 'आराधना'तल्या 'रूप तेरा मस्ताना'तलं अ‍ॅकॉर्डियन केरसी लॉर्ड यांचं. ते गाणं लागलं की मी आता किशोरकुमारला थोडं बाजूला ठेवते आणि तो अ‍ॅकॉर्डियनचा श्वास ऐकते. पेटीचाच भाऊ तो, त्यालाही भाता आहे.

गोव्याचा विषय निघालाच आहे तर कोकणी गाणाऱ्या लोर्ना. कोकणी मला धड कळत नाही, पण ख्रिस पेरींचा ट्रम्पेट आणि लोर्नाचा आवाज एकमेकांना टोचत, चिडवत, समजावत जातात ते कळायला भाषा लागत नाही. लोर्ना पुढे वीसेक वर्षं गप्प राहिल्या आणि १९९५ साली परत गायला उभ्या राहिल्या. तेवढी वर्षं गोव्यातल्या घरांनी जुन्या तबकड्यांवर त्यांना जपलं.

इंग्रजी गाणी माझ्याकडे मुलीकडून आली. तिने एका रात्री रोलिंग स्टोन्सचं १९६९ सालचं 'गिमी शेल्टर' लावलं. मी स्वयंपाकघरातून हातातलं काम टाकून आले. "मागे ती कोण आहे?" मुलगी म्हणाली, "आई, तू नेहमी मागचंच विचारतेस." ती मेरी क्लेटन. लॉस एंजेलिसला मध्यरात्रीच्या सुमारास फोन करून बोलावून घेतलेली, तेव्हा गरोदर असलेली. वरचा सूर घेताना एका ठिकाणी तिचा आवाज फाटतो. बाईंनी मला सुरुवातीची दोन वर्षं आवाज फाटू न द्यायला शिकवलं होतं. आणि इथे तो फाटला म्हणून ते गाणं खरं झालं होतं. तो फाटतो तेव्हा मागे कुणीतरी ओरडल्याचं पुसट ऐकू येतं. मला वाटतं ती दाद आहे, आपल्या बैठकीत 'क्या बात है' निघून जातं तशी.

मग मुलीने पिंक फ्लॉइडचं 'द ग्रेट गिग इन द स्काय' ऐकवलं. १९७३चं. त्यात क्लेअर टोरी नावाच्या बाईने एकही शब्द न उच्चारता गायलं आहे. नुसता आकार म्हणावा असा, पण त्यात रडणं आहे, भांडण आहे, शेवटी थकून मांडी टेकणं आहे. तिला त्या रविवारच्या कामाचे तीस पौंड मिळाले होते. पुढे तीस वर्षांनी तिने दावा लावला आणि २००५ साली तडजोड झाल्यावर त्या रचनेवर तिचंही नाव लागलं. हे वाचलं तेव्हा मी खूप वेळ बसून राहिले. मग उठून ते गाणं पुन्हा लावलं, तिचं नाव मोठ्याने घेऊन.

बाईंची तिसरी गोष्ट मला कळली ती १९९७ साली. तेव्हा मी पंचवीसची, नोकरीला लागलेली, आणि बाई साठीच्या पुढे गेलेल्या. सांगलीत एका घरगुती बैठकीत त्या यमन गात होत्या. बाहेर पाऊस होता आणि त्यांना आठवडाभर खोकला होता. अंतऱ्यात तार षड्जावर गेल्या आणि आवाज आलाच नाही. तोंड उघडं, चेहरा शांत, आणि सूर नाही. तबलजी ठेका धरून राहिले. पेटीवाल्यांनी एकदा तार षड्ज दिला, मग तेही थांबले. समोर पन्नासेक माणसं श्वास रोखून बसलेली.

मी तंबोरा छेडत होते. पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज. खोलीत त्याच्याशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं. बाईंची पाठ मला दिसत होती, पदराखाली खांदे वरखाली होत होते. आणि मी त्यांची पहिली आज्ञा मोडली. अगदी खालच्या आवाजात मध्य षड्जावर आकार धरला. इतका खालचा की पुढच्या रांगेलासुद्धा ऐकू गेला असेल की नाही. बाईंनी मान वळवली नाही. त्यांनी उजवा हात मागे आणून माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि ठेवूनच त्या माझ्या षड्जात मिसळल्या. तार षड्जाकडे पुन्हा गेल्याच नाहीत. खालीच, मंद्रात, गांधार-रिषभ-षड्ज असं पंधरा मिनिटं गायल्या. इतका यमन मी त्यानंतर कुणाकडून ऐकलेला नाही.

परतीच्या गाडीत त्या काही बोलल्या नाहीत. घर जवळ आलं तेव्हा त्यांनी माझा उजवा हात हातात घेतला, पहिलं बोट उलटं करून घट्ट्यावरून अंगठा फिरवला आणि सोडून दिला. बाई आता नाहीत. त्यांचा तंबोरा माझ्याकडे आहे. दर दोन वर्षांनी मी तो मिरजेला नेते, त्याच गल्लीत. आता चाचांचा नातू धागा सरकवतो.

मागच्या वर्षी बाबांच्या कपाटात एक कॅसेट सापडली. वर त्यांच्या अक्षरात 'गुरुवार, एकादशी, १९८९'. भजनी मंडळाची. टेपरेकॉर्डर कुणीतरी पेटीच्या जवळच ठेवला असणार. बुवा जाऊन वीस वर्षं झाली, बाबांना जाऊन सहा. फीत खराब होऊ नये म्हणून मी ती पुण्यात एका मुलाकडे घेऊन गेले. तो जुन्या कॅसेट संगणकावर उतरवून देतो, खरखर काढून देतो. फार मन लावून काम करणारा मुलगा. दोन दिवसांनी त्याचा फोन आला.

"मॅडम, मेन आवाज छान निघालाय. पण पेटीजवळ एक आवाज आहे, तो ध्रुवपदाला सगळ्यांच्या आधीच येतोय. ऐकताना खटकतं. तेवढा कमी करून देऊ का?"

मी त्याला थांबायला सांगितलं आणि रिक्षा करून त्याच्याकडे गेले. त्याने हेडफोन दिले. बुवांनी चरण संपवलं. भाता भरून आल्याचा आवाज आला, फुस्स करून, आणि त्यावर कुणाच्या तरी बांगडीचा किणकिणाट. टाळ अजून वाजायचे होते.

"कमी नको करू रे," मी म्हटलं. "जमलं तर थोडा वाढव."

त्याने माउस धरून पट्टी वर सरकवली, आणि बाबा आले, अर्धी मात्रा आधी.